हरल्यावर काय जातं?

‘फायनल फँटसी’ या जपानी रोल-प्लेइंग मालिकेतला सर्वांत अवघड भाग कोणता, यावर चाहत्यांचं एकमत होत नाही. कारण मापच वेगवेगळं आहे. कोणी शत्रूची ताकद बघतं, कोणी हरल्यावर वाया गेलेला वेळ.

१९८७चा पहिला भाग दमवून मारतो. सुट्या लढाया फारशा कठीण नसतात. पण मंत्र मोजकेच असतात आणि गुहेत शिरल्यावर खेळ सेव्ह करता येत नाही. दलदलीतल्या गुहेतून परत निघेपर्यंत मंत्र संपत आलेले असतात, निम्म्या चमूला विष चढलेलं असतं. त्यात दोघांनी एकाच राक्षसावर नेम धरला आणि पहिल्याच्या वाराने तो मेला, तर दुसऱ्याचा वार फुकट. १९९०च्या तिसऱ्या भागाने याची हद्द केली. क्रिस्टल टॉवर आणि त्यापुढचं अंधाराचं जग, एवढा शेवटचा पल्ला सेव्ह न करता गाठायचा. अखेरच्या लढाईत हरलात, की सगळी चढाई पहिल्यापासून.

चौथ्या भागापासून (१९९१) लढाईत घड्याळ आलं. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबेलच असं नाही. पण या भागाची जपानमध्ये त्याच वर्षी ‘ईझी टाइप’ नावाची सौम्य आवृत्तीही निघाली. त्यामुळे ‘चौथा सोपा आहे’ असं कोणी म्हणालं, तर आधी आवृत्ती विचारावी.

आठव्या भागात (१९९९) गणितच उलटं झालं. शत्रूची लेव्हल तुमच्या लेव्हलबरोबर वाढते, म्हणून तासन् तास लढून बळ वाढवायची जुनी सवय इथे अंगाशी येते. शत्रूंना पत्त्यांत बदलून अनुभवाचे गुण टाळणारा आणि मंत्र साठवून ते पात्रांच्या अंगी जोडणारा खेळाडू खालच्या लेव्हललाच भारी पडतो. अवघड की सोपं, हे इथे जाणकारीवर ठरतं.

तेराव्या भागात (२००९) हरल्याची शिक्षा जवळपास उरलीच नाही. प्रत्येक लढाईनंतर चमू ठणठणीत होतो. हरलात तर त्याच लढाईच्या तोंडाशी परत. ताकदीलाही प्रत्येक अध्यायात मर्यादा घातलेली, त्यामुळे नुसत्या मेहनतीने पुढे जाता येत नाही. पण म्हणूनच बनवणाऱ्यांना एकेक लढाई कडक करता आली. कोणी मारायचं, कोणी झेलायचं, कोणी जखमा भरायच्या, हे क्षणाक्षणाला बदलावं लागतं.

मालिका सोपी होत गेली, ही तक्रार म्हणूनच अर्धीच खरी आहे. चुकीची किंमत उतरली, चुकायच्या जागा मात्र उरल्या. २०२१पासून आलेल्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्यांत पहिले सहा भाग आपोआप सेव्ह होतात. तिसऱ्या भागाची ती भीती त्यामुळे बरीच ओसरली. शिक्षेच्या मापाने जुना तिसरा सर्वांत कठोर, निर्णयाच्या मापाने तेरावा. नव्याने खेळणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं: आपल्याला जास्त काय झोंबतं, वाया गेलेली संध्याकाळ की चुकलेला डाव?