वांग घालवण्याची घाई नको

चेहऱ्यावर वांग आले की पहिला सल्ला शेजारणीकडून मिळतो, दुसरा पार्लरमध्ये आणि तिसरा मेडिकलच्या काउंटरवर. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाईपर्यंत डाग तर गेलेले नसतातच, वर अनेकदा चेहरा लाल आणि हुळहुळा झालेला असतो.

गाल, कपाळ, नाक, वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना साधारण सारखेच उमटणारे हे तपकिरी डाग म्हणजे मेलाझ्मा. त्वचेतल्या मेलॅनोसाइट पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांमुळे त्या गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वांग येतात ते यामुळेच. काहींचे बाळंतपणानंतर आपोआप फिकट होतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा त्रास अधिक दिसतो आणि पुरुषही त्यातून सुटत नाहीत.

मात्र प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मुरुम बरे झाल्यावर डाग राहतात. हेअर डाय किंवा भेसळयुक्त कुंकवाच्या अॅलर्जीनेही त्वचा काळवंडते. मानेवर, कधी गालांच्या कडेला त्वचा जाड, काळी आणि मखमलीसारखी झाली असेल, तर रक्तातली साखर तपासायला हवी. त्यामुळे आधी निदान, मग क्रीम.

उपचाराचा पाया सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर मावेल एवढे, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगांना अतिनील किरणांइतकाच दृश्य प्रकाशही भोवतो. साधे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, हलका रंग असलेले सनस्क्रीन अडवते. पुण्यातल्या स्कूटरवरच्या मुली गुंडाळतात तो स्कार्फ घट्ट विणीचा असेल, तर त्याचाही उपयोग होतो. लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र टाळा. त्याने त्वचा भाजून नवे डाग पडू शकतात.

औषधांत सर्वात परिचित आहे ते तिहेरी क्रीम: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. हे सूत्र १९७५ मध्ये अमेरिकेतले आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी मांडले. आज त्यात सौम्य स्टेरॉइड वापरून ते काही आठवडेच, देखरेखीखाली देणे योग्य मानतात. आपल्याकडच्या अनेक क्रीममध्ये मात्र मोमेटासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून ट्यूबमागून ट्यूब संपते. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा आणि मुरुम येतात, बाईच्या चेहऱ्यावर केस वाढतात. थांबवले की आग होते. हा प्रकार इतका वाढला, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीमची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी काउंटरवर ती मिळतातच. गोरेपणाच्या बेनामी क्रीमचा धोका त्याहून मोठा. त्यांतल्या पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे अकोल्यात आणि केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात समोर आली आहेत.

गरोदरपणात ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन टाळतात. अॅझेलेइक अॅसिड तुलनेने सुरक्षित मानले जाते. चिवट वांगांवर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या उपयोगी पडतात, पण रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर त्या देत नाहीत. पील आणि लेझर अनुभवी हातातच बरे, कारण जास्त उष्णतेने किंवा दाहाने डाग उलट गडद होतात.

वांग आटोक्यात येतात, कायमचे जातीलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. फरक दिसायलाही दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे सात दिवसांत चेहरा उजळवण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहा. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव दिसले, तर चिठ्ठीशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. आणि महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम बंद न करता तीच ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.