काचेमागचा कोट आणि घरातली पेटी

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले, की फेटरीच्या परिसरात चिचोली हे गाव लागते. येथील शांतिवनात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नित्य वापरातील वस्तूंचे संग्रहालय आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर आलेले अनेक उपासक-उपासिका तेथून पुढे चिचोली गाठतात. बुद्धपौर्णिमेला व १४ एप्रिललाही अनेकांची पावले तिकडे वळतात. आम्हीही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो आहोत. मुले रांगेने आत जातात, हात जोडतात आणि रांगेने बाहेर येतात. वंदन झाले, परंतु पाहणे राहून गेले, असे आम्हांला प्रत्येक वेळी वाटत आले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या वस्तू येथे आल्या कशा, हे प्रथम समजून घ्यावे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलिपूर रोड येथील निवासस्थानी झाले. अखेरच्या वर्षांत नानकचंद रत्तू हे त्यांचे स्वीय सचिव म्हणून सेवेत होते. त्यांनी बाबासाहेबांच्या कितीतरी वस्तू जिवापाड जपल्या आणि पुढे त्या वामनराव गोडबोले यांच्या स्वाधीन केल्या. नागपूरच्या दीक्षा समारंभाच्या सिद्धतेत वामनराव अग्रभागी होते. भारतीय बौद्ध परिषदेच्या माध्यमातून त्यांनी शांतिवन उभारले. कोट, हॅट, काठ्या, टंकलेखन यंत्र असा हा ठेवा आहे. या यंत्राचे नाते राज्यघटनेच्या मसुद्याशी जोडून सांगितले जाते व साहजिकच तेथे सर्वाधिक गर्दी होते. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. बाबासाहेब, रत्तू, गोडबोले, संस्था अशी हस्तांतराची साखळी येथे दाखवता येते. ही साखळी तुटली, की अस्सल कोटही कुणाचा तरी एक जुना कोट होऊन राहतो.

संग्रहालयात उजेड मंद का असतो, असे मुले विचारतात. विजेची बचत हे त्याचे कारण नव्हे. प्रकाशाने रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. म्हणून वस्त्रांवर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण संकेत आहे. त्यात आपले हवामान पडले नागपूरचे! मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि जुलैत तीच हवा ओलाव्याने जड होते. सुती-लोकरी धागा ओलावा शोषून फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वर्षानुवर्षे असे झाले, की कुणी हात न लावताही कापड घडीवर विरते. शिवाय लोकरीला कसर लागते, ती निराळीच. म्हणूनच श्रद्धेला शास्त्राची जोड लागते. काचेवर कपाळ टेकवणाऱ्या आजीला आम्ही कधी अडवले नाही; पण काच मध्ये आहे याचे मनातून समाधान मानले.

याच काटोल मार्गावर जुनापाणीची शिळावर्तुळे आहेत. जवळच्या माहूरझरीच्या उत्खननात लोखंडी हत्यारे, मणी आणि घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे अलंकार सापडले. त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. जे काही कळते, ते त्यांच्या वस्तूंवरून. आपल्या पणजोबांची स्थिती याहून फार वेगळी होती काय? नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचे. त्या काळात वस्तू वेचून नोंदणाऱ्यांना आमच्या वस्तीतले मडके नोंदवावेसे वाटले असते, असे मानायला आम्ही तयार नाही. दप्तरात आपली माणसे आढळतात ती बहुधा वेठीच्या, वतनाच्या आणि गुन्ह्याच्या कागदांत.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेतच एक लहानसे प्रदर्शन भरवले. घरातील १९५६ च्या काळची एक वस्तू आणावी, असे मुलांना सांगितले. काय आले नाही! गिरणीतल्या कामाचा पितळी बिल्ला, समता सैनिक दलाचा पट्टा, वाळवीने अर्धे खाल्लेले अभंगांचे बाड आणि एक गोधडी. गोधडी आणणारी मुलगी संकोचून उभी होती. तिच्या आजीने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे शुभ्र पातळ नेसून दीक्षा घेतली, ते आईने गोधडीला अस्तर म्हणून लावले होते. आईला ठाऊकच नव्हते. आजीने सांगितले नाही, कारण तिला कुणी विचारले नाही. प्रदर्शनाच्या दिवशी आजी आल्या, गोधडी उलटी करून काठ चाचपत बसल्या आणि त्या दिवशी आपण गावाहून किती कोस चालत आलो, कुठे थांबलो, भाकरी कोणी दिली, हे सारे सांगू लागल्या. आमच्यापैकी एकाने ते उतरवून घेतले. त्या आता हयात नाहीत.

एक चूक आमचीही सांगतो. एका पालकांनी दीक्षा समारंभाच्या गर्दीचे जुने छायाचित्र विश्वासाने दिले होते. ते चांगले दिसावे म्हणून आम्ही ते डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवले. पुढच्या पावसाळ्यात त्यावर पिवळे डाग उमटले आणि एक कडा पुठ्ठ्यासकट फुगली. पालक काही बोलले नाहीत, हे अधिक लागले. छायाचित्र चिकटवू नये, लॅमिनेशन करू नये, टाचणी लावू नये, मागे शाईच्या पेनाने लिहू नये. वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून तो सोबत ठेवावा, आधी मोबाइलवर प्रत काढून घ्यावी. कापड धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळावे, वर्षातून दोनदा घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर टाकू नयेत.

१९५६ साली पंधरा वर्षांची असलेली मुले आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की येत्या सुटीत घरातील लोखंडी पेटी उघडावी आणि ती उघडताना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी बसवावे. वस्तू कोणाची, कोणाकडून आली, केव्हा वापरली, ही माहिती कोणी व कोणत्या तारखेला सांगितली, एवढे एका कागदावर लिहावे. वस्तू शाळेला दिलीच पाहिजे असे नाही. ती घरीच राहू द्या, कागदाची एक प्रत मात्र आम्हांला पाठवा. ग्रंथालयातील खिडकीपासून दूरचे एक कपाट आम्ही त्यासाठी रिकामे केले आहे. खालच्या कप्प्यात ती गोधडी आहे, मुलीच्या आईने स्वतः आणून दिलेली.