ज्याचे वहीत खाते नाही

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा आष्टी तालुका हा पावसाच्या बाबतीत सदैव उधारीवर जगणारा मुलूख. येथील आडत्याला, कापडवाल्याला आणि किराणा दुकानदाराला पाऊस कोणत्या शिवारात किती पडला, हे शेतकऱ्याइतकेच नेमके ठाऊक असते; कारण शिवार पिकले तरच पेठ चालते. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ ची वर्षे तर तरुणांनीही पाहिली. अशा वर्षी पेठेतून चाऱ्यासाठी, पाण्याच्या टँकरसाठी वर्गणी निघते. नावे वाचली जातात, छायाचित्रे छापून येतात.

आणि मग एखाद्या घरात महाविद्यालयात शिकणारा नातू विचारतो, “दादाजी, शेतकऱ्याची जनावरे जगली की आपली उधारी वसूल होणार. पेठेत नाव होणार, वर पुण्यही मिळणार. मग हे दान कसले? हा तर व्यवहारच झाला.”

प्रश्न उद्धट वाटला, तरी रागावून टाळण्यासारखा नाही. माणसाची प्रत्येक कृती अखेर स्वार्थातूनच निघते काय, हा विचारवंतांना शतकानुशतके छळत आलेला प्रश्न आहे. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने एकदा रस्त्यात एका वृद्ध भिकाऱ्याला पैसे दिले. सोबतच्या धर्मोपदेशकाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की त्या म्हाताऱ्याचे हाल पाहून मला यातना होत होत्या. त्याला मदत केल्याने माझ्याही यातना शमल्या. म्हणजे भीक त्याला मिळाली आणि सुख देणाऱ्याला.

मराठीत या मताचा सविस्तर समाचार लोकमान्य टिळकांनी घेतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला त्यांचा ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आधिभौतिक सुखवादावरील प्रकरणात निव्वळ स्वार्थ, दूरवर पाहणारा स्वार्थ आणि स्वार्थाबरोबर परार्थही सांभाळणारी वृत्ती अशा पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या, हॉब्जचे मत तपासले आणि ते अपुरे ठरवले. परोपकार हे स्वार्थाचेच एक रूप आहे, हे त्यांना मान्य नव्हते.

हॉब्जच्या उत्तरातील उणीव व्यापाऱ्याच्या नजरेला चटकन दिसावी. भिकाऱ्याचे दुःख पाहून त्याला यातना झाल्याच का? ज्याला केवळ स्वतःचीच पर्वा आहे, तो परक्याच्या भुकेने अस्वस्थ होणार नाही. नजर वळवून पुढे जाईल. मदतीनंतर लाभणारे समाधान हे आधीच मनात असलेल्या कळवळ्याचे फळ आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जोसेफ बटलर याने १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनांत साधारण हाच मुद्दा मांडला होता.

दुसरी अडचण याहून व्यावहारिक आहे. मापात मारणारा स्वार्थी, आणि पडत्या काळात गिऱ्हाईकाला सांभाळणाराही स्वार्थी, असे म्हटले की ‘स्वार्थ’ या शब्दाला अर्थच उरत नाही. कोणतेही वजन ठेवले तरी काटा एकाच जागी थांबणारा तराजू कोणी दुकानात ठेवत नाही.

तथापि याचा अर्थ आपला लाभ झाला की दान बाटले, असाही नव्हे. या दुष्काळी मुलखातील धरणांचा गाळ पाहावा. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. यंत्राच्या इंधनाचा भार शासनाने उचलायचा आणि गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यायचा, अशी तिची मूळ मांडणी होती. त्याआधी २०१३ च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम केले होते. गाळ नेणारा शेतकरी स्वतःच्या शेताचा कस वाढावा म्हणूनच तो नेतो. पण त्याच्या ट्रॅक्टरच्या प्रत्येक खेपेने तलाव खोल होतो आणि गावाच्या विहिरींचे पाणी वाढते. येथे एकाचे हित दुसऱ्याच्या हिताला छेद देत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जैन परंपरेने तर ही गोष्ट कधी लपवलीच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनुग्रहासाठी आपल्या वस्तूचा त्याग करणे हे दान मानले आहे. आणि टीकाकारांनी त्या अनुग्रहात घेणाऱ्याच्या कल्याणाबरोबर देणाऱ्याचे कल्याणही धरले आहे. दोष ठेवला तो दुसरीकडे. व्रत, तप वा दान करताना ‘याच्या बदल्यात मला अमुक मिळो’ अशी मनाशी बांधलेली गाठ म्हणजे निदान. माया आणि मिथ्यात्व यांच्या जोडीला निदान हे तिसरे शल्य, म्हणजे आत रुतलेला काटा, मानले गेले. फळ मिळणे हा दोष नव्हे. फळावर डोळा ठेवून सौदा करणे हा दोष.

ज्ञाताधर्मकथांगातील मेघकुमाराची कथा याच भेदावर उभी आहे. पूर्वजन्मी तो हत्ती होता. वणवा पेटला, तेव्हा सारे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीवाटीने जमले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. तो चिरडू नये म्हणून हत्तीने अडीच दिवस पाय अधांतरी धरला. वणवा विझल्यावर पाय टेकताना तो कोसळला आणि पुढे त्यातच त्याचा अंत झाला. या करुणेचे फळ म्हणून तो राजपुत्र होऊन जन्मला. पण पाय उचलून धरताना पुढच्या जन्माचा हिशेब त्या हत्तीला ठाऊक नव्हता. त्याला दिसत होता तो फक्त ससा.

नातवाच्या प्रश्नाला असेच एक उत्तर याच मराठवाड्यात मिळाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातील गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. किल्लारीच्या लेकराचे पुण्याच्या दुकानदाराकडे खाते असण्याचे काही कारण नव्हते. वसुलीचा प्रश्नच नव्हता. या कामाने नाव झाले हे खरे. पण नाव एका दिवसात होते. मुलांना वर्षानुवर्षे सांभाळून शिकवणे नावासाठी फार महाग पडते.

नातवाचा संशय म्हणून पुसून टाकू नये. तो घरात राहिलेला बरा. वर्गणीच्या यादीत आपले नाव कितवे आहे हे शोधणाऱ्या डोळ्यांना तो जागे ठेवतो. फक्त त्याला एका प्रश्नाची जोड द्यावी, आणि दादाजींनी तो आधी स्वतःला विचारावा: चाऱ्याच्या पेंढ्या उतरवल्या जात असताना ज्याचे आपल्या वहीत खाते नाही, पुढेही असणार नाही, असा परगावचा माणूस दोन बैल घेऊन रांगेत उभा राहिला, तर त्याच्या बैलांपुढे पेंढी पडेल काय?

ती पडत असेल, तर बाकीचा लाभ खुशाल जमेच्या बाजूला मांडावा.