नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची?

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवर चालणारे एक नवे प्रतिजैविक सापडले. ते तयार करणाऱ्या जिवाणूला पिंपरी गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे शास्त्रीय नाव मिळाले. औषधाचे नाव ठेवले ‘हॅमायसिन’. त्यात कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे आहेत. तोंडात पांढरे चट्टे आणणाऱ्या कॅन्डिडा बुरशीच्या संसर्गात हे औषध वापरले गेले. शोध लावणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचे नाव मात्र ना जिवाणूत आहे, ना औषधात. ते शोधनिबंधांवर आहे, सहकाऱ्यांच्या नावांसोबत.

एखाद्या शोधाचा किंवा लेखनाचा कर्ता कोण, हे ठरते कसे? प्रश्न मानापमानाचा वाटतो. पण वैद्यकशास्त्रात तो थेट रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो. डॉक्टर जे औषध ज्या मात्रेत लिहून देतात, त्यामागे कोणता ना कोणता शोधनिबंध असतो. त्यावर ज्यांची नावे असतात त्यांनी ते काम खरोखर केले आहे, आणि उद्या काही चुकले तर ते उत्तर देतील, एवढ्या एकाच विश्वासावर सगळी साखळी उभी असते.

स्ट्रेप्टोमायसिन कोणाचे?

पिंपरीच्या याच कारखान्यात पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनचेही उत्पादन झाले. या औषधाची जन्मकथा म्हणजे लेखकत्वाच्या भांडणाचे ठळक उदाहरण. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात 1943 मध्ये अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधक विद्यार्थ्याने हे प्रतिजैविक वेगळे केले. 1944 च्या शोधनिबंधावर तीन नावे होती: आधी शॅट्झ, मग एलिझाबेथ बुगी आणि शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख सेलमन वॅक्समन. पेटंटच्या वेळी बुगी यांचे नाव गळाले. पुढे श्रेय आणि स्वामित्वधन यांसाठी शॅट्झ यांनी आपल्याच गुरूंविरुद्ध खटला भरला. 1950 मध्ये तडजोड होऊन ते सहसंशोधक असल्याचे मान्य झाले. तरीही 1952 चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले.

एकाच शोधाचे श्रेय शोधनिबंधात तिघांचे, पेटंटमध्ये दोघांचे आणि पारितोषिकात एकाचे! काम तेच होते, ते मोजणारी फूटपट्टी तेवढी बदलत गेली.

चार अटी

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची पहिली बैठक 1978 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याच्या अटी ठरवल्या. आज त्या चार आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत ठोस वाटा हवा. निबंध लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक सुधारणा करण्यात सहभाग हवा. छापण्यापूर्वीच्या अंतिम मसुद्याला संमती हवी. चौथी अट 2013 मध्ये जोडली गेली: संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी हवी. या चारही अटी पूर्ण केल्या तरच लेखक. केवळ निधी मिळवून दिला, विभागप्रमुख म्हणून देखरेख केली किंवा रुग्ण पाठवले, एवढ्याने लेखक होता येत नाही. अशांचे आभार मानावेत, असे नियम सांगतो.

प्रत्यक्षात दोन प्रकारे हा नियम वाकवला जातो. पहिला प्रकार भेट म्हणून दिलेल्या नावाचा. कनिष्ठ डॉक्टरने रात्रपाळ्या सांभाळून केलेल्या कामावर वरिष्ठांचे नाव येते. कधी आदरापोटी, कधी भीतीपोटी, तर कधी ‘तू माझे घाल, मी तुझे घालतो’ या देवघेवीपोटी. दुसरा प्रकार नेमका उलटा. ज्याने लिहिले त्याचेच नाव गायब असते.

या दुसऱ्या प्रकाराचा संबंध एका मोठ्या व्यवसायाशी आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याला लागूनच मुळशी तालुक्यातील माण आणि हिंजवडीचे आयटी पार्क आहे. अशा आयटी केंद्रांत आज जगभरच्या औषध कंपन्यांसाठी चाचण्यांची आकडेवारी तपासणे, तिचे विश्लेषण करणे, अहवाल लिहिणे अशी कामे चालतात. हे काम कौशल्याचे आहे आणि त्यात गैर काहीच नाही. अट एवढीच, की लेखनाला मदत कोणी केली आणि पैसे कोणी दिले हे निबंधात स्पष्ट छापलेले असावे. ते लपवले की काय होते, हे पॅरोक्सेटिन या नैराश्यावरील औषधाच्या बाबतीत दिसले. किशोरवयीन मुलांवरील चाचणीचा निबंध 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यावर 22 नावे होती. पहिला मसुदा मात्र औषध कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनसंस्थेने तयार केला होता. औषध उपयुक्त आणि सुरक्षित असल्याचे त्यात म्हटले होते. त्याच चाचणीची मूळ माहिती स्वतंत्र संशोधकांनी पुन्हा तपासून 2015 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. निष्कर्ष उलटा निघाला: औषधाचा फायदा दिसला नाही, आणि आत्महत्येच्या विचारांसारखे धोके वाढलेले आढळले.

माहिती न पाहताच सही

करोनाकाळात याच दुखण्याचे दुसरे रूप दिसले. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चार लेखकांचा एक निबंध आला. 671 रुग्णालयांतील सुमारे 96 हजार रुग्णांच्या नोंदींवरून, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. भारतात त्याच वेळी आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हेच औषध घेण्याचा सल्ला होता, त्यामुळे येथेही गोंधळ उडाला.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी आकड्यांवर शंका घेतल्या. मग चारपैकी तीन लेखकांनी मूळ नोंदी तपासायला मागितल्या. त्या ज्या कंपनीकडे होत्या, तिचा प्रमुख हाच चौथा लेखक होता. नोंदी मिळाल्या नाहीत आणि 4 जूनला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निबंध मागे घेतला गेला. करोनाच्या रुग्णांना या औषधाचा फायदा नाही, हे पुढे नीट केलेल्या चाचण्यांतून कळले. पण त्या निबंधाचा दोष त्याने धुतला जात नाही. ज्या माहितीच्या भरवशावर नाव दिले, ती तिघांनी स्वतः पूर्ण तपासलेलीच नव्हती.

बढती आणि मोजमाप

तरीही नावासाठी एवढी धडपड का? कारण नावे मोजली जातात. भारतीय वैद्यक परिषदेने 2015 मध्ये वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाच्या लेखकाचाच निबंध धरायचे ठरवले. 2020 मध्ये हा नियम ‘पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक’ असा सैल झाला. हेतू चांगला होता, नुसत्या नामधारी लेखकांना चाप लावण्याचा. पण सात जणांनी मिळून केलेल्या कामात चौथ्याचे कष्ट शून्य ठरले. नोंदी ठेवणारा, आकडेमोड करणारा, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहणारा यांपैकी कोणी तिसऱ्याच्या पुढे गेला की त्याचे काम मोजणीतून बाद.

संख्येच्या मागणीने आणखी एक बाजार उभा केला: पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असण्याची शक्यता त्यांनी दाखवून दिली. काहींचा पत्ता खोटा, काहींचे संपादक संशयास्पद.

दुसरे माप ‘एच-निर्देशांक’ हे. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ते 2005 मध्ये सुचवले. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ घेतला असेल, तर त्याचा निर्देशांक दहा. पण निबंधावर दोन नावे आहेत की दोनशे, हे हा आकडा विचारत नाही. भौतिकशास्त्रात तर संख्या हजारांत जाते. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरील 2015 च्या निबंधाला 5154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पाने नावे आणि संस्थांच्या यादीनेच व्यापली होती. गुरुत्वीय लहरींच्या 2016 मधील निबंधावर हजारावर नावे आहेत, त्यांत पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञही आहेत. तिथे क्रम आडनावांच्या इंग्रजी वर्णमालेने लागतो, म्हणून जग तो निबंध ‘अ‍ॅबट आणि इतर’ असा ओळखते. वैद्यकात पहिले नाव सर्वाधिक काम करणाऱ्याचे मानतात. एकच क्रमांक दोन शास्त्रांत दोन अर्थ सांगतो, आणि निवड समितीचा तक्ता मात्र एकच असतो.

संतांची नाममुद्रा

मराठी वाङ्मयाला हा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते, पण तेवढ्यावरून कर्ता ठरत नाही. ‘नामा’ या मुद्रेखाली संत नामदेवांशिवाय विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचनाही मिसळल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’ पत्रातून वाद उपस्थित केला, की ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोघे वेगळे. आधार होता भाषेतल्या फरकाचा. तो निष्कर्ष सर्वांनी मान्य केला नाही. पण लेखकाची भाषा बोटांच्या ठशांसारखी तपासण्याची ही रीत आज संगणकावर शब्दांची वारंवारता मोजून वापरली जाते.

थोराच्या नावाने आपली रचना सोडून देण्यात भक्ती असू शकते. तिथे कोणाची बढती अडत नाही आणि कोणाच्या औषधाची मात्राही ठरत नाही. शोधनिबंधात हा मोठेपणा परवडत नाही.

उपाय काय?

गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक नियतकालिकांनी चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी पद्धत आणली आहे. कल्पना, माहितीची जपणूक, विश्लेषण, लेखन, देखरेख अशा चौदा भूमिका ठरवून कोणी काय केले ते छापले जाते. नावांच्या घोळावर 2012 पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक आहे. एकाच आद्याक्षराचे अनेक पाटील आणि कुलकर्णी, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेली संशोधिका, यांचे काम त्यामुळे हरवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत तर संपादकांच्या समितीने 2023 मध्येच स्पष्ट केले: चॅटजीपीटीसारखे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याची मदत घेतली असेल तर तसे सांगावे. म्हणजे पुन्हा तीच चौथी अट.

पण तक्ते आणि क्रमांक पुरेसे नाहीत. भूमिकांच्या यादीतही खोटे लिहिता येते. काम सुरू होण्यापूर्वीच कोणाचे नाव कुठे येणार हे लेखी ठरवणे, प्रत्येकाने मूळ नोंदी पाहणे, आणि बढतीच्या मुलाखतीत ‘किती निबंध?’ऐवजी ‘यात तुम्ही काय केले?’ असे विचारणे, या साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतील.

सामान्य वाचकानेही ‘संशोधनात सिद्ध झाले’ असा संदेश मोबाइलवर आला की तीन गोष्टी पाहाव्यात. संशोधन कोणी केले, त्यांची नावे आहेत का? पैसे कोणी दिले? निबंध नंतर मागे तर घेतला गेला नाही ना? उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या संदेशावरून चालू औषध बंद करू नये आणि नवेही सुरू करू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.