रेंज नसली तरी हाक पोचते

पावसाळी धुक्यात हरिश्चंद्रगडाच्या रानात वाट चुकली की हात आधी मोबाइलकडे जातो. रेंज नाही असं दिसलं की बरेच जण फोन खिशात टाकून देतात. तसं करू नका. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा आणीबाणीचा नंबर लावून बघाच. हा कॉल तिथे पोचणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. मात्र कुणाचाच टॉवर पोचत नसेल, तर ११२ही लागत नाही. तो उपग्रहावरून जातो हा निव्वळ गैरसमज आहे.

इंटरनेट नसेल तर आपली जागा कळत नाही, हेही खरं नाही. जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट पकडतं. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला. मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबलं की अक्षांश-रेखांश मिळतात. ते, माणसं किती आणि कुणाला काय लागलंय, एवढं एसएमएसने कळवा. रेंज येऊन-जाऊन असेल तेव्हा बोलणं तुटतं, पण एसएमएस तेवढ्यात पोचून जातो. देवनागरीत ७० चिन्हांपुढे त्याचे तुकडे पडतात, रोमन लिपीत १६० पुढे. म्हणून अशा वेळी रोमनमध्ये लिहिलेलं बरं. मग फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण रेंज शोधत राहण्यातच बॅटरी संपते.

‘रेंजसाठी वर चढा’ हा सल्ला अर्धाच खरा. घळीत सिग्नल अडतो, माथ्यावर मिळू शकतो. पण धुक्यात, ओल्या घसाऱ्यावर चढणं हा रेंज नसण्यापेक्षा मोठा धोका. आणि जागा कळवून झाली असेल तर तिथून हलूच नका, शोधणारे तिथेच येणार असतात.

ओरडण्यावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. घसा बसतो, वाऱ्यात शब्द विरतात. साधी प्लास्टिकची शिट्टी दूरवर ऐकू जाते आणि दमवत नाही. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. हा गिर्यारोहकांचा जुना संकेत आहे. रात्री हेच टॉर्चने. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. ते आलं म्हणजे सापडलो असं नाही; माणसं जवळ येईपर्यंत वाजवत राहा.

सॅटेलाइट फोन विकत घेतला की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्यांनी जपावं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे; परदेशी पर्यटकांना त्यापायी अटक झाली आहे. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, त्यालाही परवाना लागतो, पण तो परीक्षा देऊन कुणालाही मिळवता येतो. २००४च्या त्सुनामीत अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी निरोप पोचवले. हातातला छोटा सेट मात्र डोंगराची सोंड आड आली की मुका होतो.

निघताना घरी आणि पायथ्याच्या वाडीत वाट, परतीची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर पोलिसांना कळवा’ हे सांगून ठेवा. शोधपथक वाडीत आलं की पहिला प्रश्न हाच विचारतं: पोरं कुठल्या वाटेने वर गेली?