तलावाची हद्द कोणत्या महिन्यात मोजावी?

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, उपग्रहाच्या नजरेत येऊन बरीच वर्षे झाली. इस्रोच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाणथळ जागांच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागा नोंदल्या आहेत. २.२५ हीच मर्यादा का? नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे. दीडशे मीटर लांब-रुंद तळे त्यावर अवघ्या तीन मिलिमीटरांच्या चौकोनात बसते. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा केवळ ठिपक्यांनी दाखविल्या आहेत. ठिपक्याला हद्द नसते.

पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून प्रतिमेत ते काळसर दिसते. वनस्पती ते किरण परावर्तित करतात. मात्र तलावात माजलेली बेशरम आणि माशांना आसरा देणारी उपयुक्त पाणवनस्पती यांतील भेद धिवराला जसा काठावरून कळतो, तसा प्रतिमेवरून सहज कळत नाही.

खरा प्रश्न हद्दीचा आहे. या संग्रहात पावसाळ्यानंतरची आणि पावसाळ्यापूर्वीची अशा दोन्ही स्थिती टिपल्या आहेत. या दोन रेषांमधला पट्टा पाणी ओसरेल तसा उघडा पडतो. तेथे गुरे चरतात आणि अनेक ठिकाणी भूमिहीन माणसे गाळपेर करतात. नियोजनकर्त्याने केवळ भरल्या तलावाची रेषा धरली, तर गाळपेर करणारा अतिक्रमक ठरतो. केवळ मे महिन्याची रेषा धरली, तर तोच पट्टा भराव टाकणाऱ्याला मोकळा सापडतो. नकाशा दोन्ही वेळा अचूकच असतो!

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जुनी दप्तरे आठवतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. पुढे चराई व सरपण यांच्या नोंदी निस्तारपत्रकात, तर सिंचन, वाट आणि मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदविण्याची तरतूद महसूल कायद्यात राहिली. उपग्रहाला दिसते ते पाणी; त्या पाण्यावर कोणाचा हक्क, हे या कागदांत शोधावे लागते. त्यांतही जे कधी लिहिलेच गेले नाही, ते वस्तीवर जाऊन विचारावे लागते.

पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे नकाशावर ठळक दिसणारा मामा तलावही त्या नियमांच्या संरक्षणाबाहेर राहू शकतो. अशा तलावासाठी गावाने स्वतः केलेली नोंद अधिकच मोलाची ठरते. जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवही ही त्यासाठी योग्य जागा आहे.

काम फार खर्चाचे नाही. सुट्टीत गावी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी दोन्ही ऋतूंतील उपग्रह-प्रतिमा छापून न्याव्यात. मासेमारी, गाळपेर व गुराखीपण करणाऱ्या स्त्री-पुरुषांसोबत काठ फिरावा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावेत. दोन्ही रेषा निरनिराळ्या रंगांनी काढून मधल्या पट्ट्यावर कोणत्या महिन्यात कोण काय करते ते लिहावे, आणि तो कागद ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा.