लाल मुठीचा दांडा आणि संदकफूची चढण

कोलकाता शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटर उंचीवर आहे. इथल्या गाड्यांना चढण लागते ती फ्लायओव्हरची! पण याच पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला ३,६३६ मीटर उंचीचं संदकफू आहे. सियालदहहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी न्यू जलपाईगुडीला उतरायचं आणि मिरिक-सुखियापोखरी मार्गे मानेभंजन गाठायचं. तिथून वर साधारण ३१ किलोमीटर. कांचनगंगा आणि निरभ्र दिवशी एव्हरेस्टही दाखवणारा हा रस्ता बरीच वर्षं नुसत्या दगडगोट्यांचा होता. आता काही भागात काँक्रीट झालंय, पण चढ मात्र होता तेवढाच आहे.

या वाटेवर पर्यटकांना नेणाऱ्या गाड्यांमध्ये अलीकडे बोलेरो वाढल्या. पण मानेभंजनची खरी ओळख म्हणजे १९५०च्या दशकातल्या, ब्रिटिश चहामळेवाल्यांच्या काळातल्या लँड रोव्हर. मूळच्या दोन लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद ५२ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकहूनही कमी. अनेक गाड्यांत पुढे डिझेल इंजिनं बसली, तीही काही राक्षसी नव्हेत. मग माणसं, पिशव्या आणि तांदळाची पोती घेऊन ही म्हातारी चढते कशी?

ड्रायव्हरच्या पायाजवळ पाहा. नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे दिसतील. एकाची मूठ पिवळी, दुसऱ्याची लाल. पिवळा पुढची चाकं जोडतो. लाल मागे ओढला की ‘लो’ लागतो. हे दोन्ही दांडे ज्या पेटीला जोडलेले असतात, ती ट्रान्सफर केस.

गुणाकाराची करामत

हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. इंजिनाची गती चाकापर्यंत पोचताना तीन ठिकाणी कमी होते: गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सफर केसमध्ये आणि अॅक्सलमध्ये. गती जेवढी कमी, तेवढा जोर जास्त. तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला की गाडीची रांगण्याची ताकद कळते. जुन्या लँड रोव्हरचा पहिला गिअर जवळजवळ ३, ट्रान्सफर केसचा लो २.९ च्या आसपास आणि अॅक्सल ४.७. गुणाकार झाला सुमारे ४०. इंजिन चाळीसदा फिरेल तेव्हा चाक एकदा! साध्या कारमध्ये हा आकडा पंधराच्या आसपास असतो.

इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर अशी लँड रोव्हर तासाला साडेतीन किलोमीटरने सरकते. शेजारून चालणारा ट्रेकर तिला सहज मागे टाकेल. पण ती थांबत नाही, क्लच जाळत नाही आणि दगडावर आपटतही नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजांच्या विलीज जीप याच पूर्व भारतात धावल्या. त्यांचा आकडा २६ च्या आत. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी जीप जुळवायला घेतली. त्यांच्या सीजे-३बी मॉडेलमध्ये ट्रान्सफर केसचा लो १.९७ वरून २.४६ झाला, अॅक्सलही बदलला आणि आकडा गेला ३७ वर. आपल्याकडच्या घाटांत, शेतांत ही जीप का टिकली, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मग आकडा हवा तेवढा वाढवावा का? तसं नाही. जोर वाढतो तसा पुढच्या प्रत्येक भागावरचा ताणही वाढतो. त्या काळच्या लँड रोव्हरचे मागचे हाफ शाफ्ट मोडण्यासाठी प्रसिद्धच होते! शिवाय अॅक्सलचे गिअर बदलले तर गाडी हायवेवरही कायम किंचाळत राहते. ट्रान्सफर केसचा लो मात्र हवा तेव्हा लावता येतो, नको तेव्हा काढता येतो. म्हणून जादा जोर ठेवायचा तर याच पेटीत ठेवावा, हे आमचं मत. हौशी मंडळी मोठे टायर बसवतात, तेही जपून. २८ इंचांचे टायर काढून ३१ इंचांचे लावले, तर चाळिसाचा आकडा छत्तिसावर येतो. पैसेही जातात आणि जोरही.

जीव वाचतो तो उतरताना

चढताना गाडी अडली तर फार तर वेळ जातो. उतरताना मात्र जिवाशी गाठ असते. सतत ब्रेक दाबून ड्रम तापले की ब्रेक धरेनासे होतात. लो लावून, पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय काढून उतरलं की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. अशा वेळी घाबरून क्लच दाबणं म्हणजे हा लगाम स्वतःच्या हाताने सोडणं! चढणीवर इंजिन बंद पडलं तरीही क्लच दाबून गाडी मागे घरंगळू देऊ नये. ब्रेक घट्ट धरून रिव्हर्स टाकावा आणि इंजिनाच्या धरावर हळूहळू मागे यावं.

आणखी एक पथ्य. या जुन्या गाड्यांत फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरावर वळणं घेऊ नयेत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर तो सगळा ताण गिअरवर साचतो.

आता नवी गाडी घेणाऱ्यांसाठी. नावाला भुलू नका. २०२० साली नव्या रूपात आलेल्या थारमध्ये लो रेंजची ट्रान्सफर केस आहे. पण २०२३ पासून त्याच नावाची, तशीच दिसणारी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळू लागली. तिच्यात ही पेटीच नाही. काही एसयूव्हींवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेलं असतं, पण लो नसतो. आयुष्यभर शहर आणि हायवे एवढंच करायचं असेल, तर नसला तरी बिघडत नाही, उलट वजन आणि इंधन वाचतं. पण गावची कच्ची वाट, पावसाळ्यातलं शेत, डोंगरातलं घर असं काही असेल, तर शोरूममध्ये पहिला प्रश्न लो रेंजचा विचारा. ती २०२३ साली आलेल्या जिम्नीतही आहे.

जुनी जीप घेत असाल, तर सपाट मैदानात लो आणि पहिला गिअर टाकून अॅक्सिलरेटर न देता क्लच सोडा. गाडीने कुरकुर न करता रांगायला हवं. मग उताराची चाचणी घ्या, एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून. उतारावर लोचा दांडा आपोआप सुटत असेल, तर रंग कितीही चकचकीत असो, पेटीची दुरुस्ती झाल्याशिवाय ती गाडी घेऊ नका. गाडी उभी करताना नुसता गिअर टाकून समाधान मानू नका. ट्रान्सफर केस न्यूट्रलला राहिली असेल, तर पहिल्या गिअरमधली जीपही उतारावरून चालू लागते. आधी हँडब्रेक ओढा आणि चाकामागे दगड लावा.